मामांच्या कॉम्प्युटरवर गाणी फाटत होती, त्याचं पूर्ण प्रकरण

गेल्या डिसेंबरात, सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेला अजून तीनेक आठवडे होते तेव्हा, मामांचा फोन आला. "काय बे, येऊन जा की एकदा. गाणं लावलं की आवाज फाटालालाय नुसता. वूफर नवीन टाकला तरी तसंच." मी म्हटलं रविवारी येतो. मला वाटलं अर्ध्या तासाचं काम असेल, वायर हलवायची, जॅक पुसायचा, चहा प्यायचा आणि निघायचं. प्रत्यक्षात तीन रविवार गेले. त्यात जे जे सापडलं ते सगळं इथे लिहितोय, कारण हा प्रॉब्लेम घरोघरी आहे आणि लोक प्रत्येक वेळी स्पीकरवरच पैसे घालतात.

आधी घर सांगतो कारण घराचा यात हात आहे. मामा राहतात अशोक चौकाच्या मागच्या बाजूला आणि त्यांच्या भिंतीला लागून मागाचा कारखाना आहे, टॉवेलचे माग. सकाळी सुरू झाले की रात्रीपर्यंत खट्याक खट्याक. मामांची उमेदीची सगळी वर्षं मिलमध्ये गेली त्यामुळे ते त्या आवाजाबद्दल काही बोलत नाहीत, मामी बोलतात. पण गाणं ऐकायचं तर ते मागाच्या वर ऐकू आलं पाहिजे हा मामांचा नियम. सगळा घोळ या नियमातून सुरू झालाय, पण हे मला लगेच कळलं नाही.

सामान साधंच. जुना डेस्कटॉप, विंडोज १०, मदरबोर्डवरचंच साउंड, मागच्या हिरव्या जॅकमधून वायर निघते ती ॲम्प्लीफायरच्या ऑक्स इनपुटमध्ये जाते आणि ॲम्प्लीफायरला दोन लाकडी खोक्याचे स्पीकर. हार्डडिस्कवर गाणी नऊ हजारांच्या वर असतील. अभंग, नाट्यसंगीत, जुनी हिंदी, शेजाऱ्यांनी दिलेली तेलुगू, कन्नड वचनं, नातवंडांनी भरलेली नव्या पिक्चरची गाणी, आणि एका वेगळ्या फोल्डरमध्ये घरच्या कॅसेटी, ज्या मामांनी स्वतः बसून कॉम्प्युटरवर उतरवल्या होत्या. मी जायच्या आधी एका दुकानात स्पीकरची कॉइल गेली म्हणून कॉइल भरून झाली होती, मग वूफर बदलून झाला होता, मग वायर. साडेतीन हजार गेले होते आणि आवाज होता तसाच होता.

मामांनी गाणं लावलं. ढोलकीचा ठोका पडला की कागद फाडल्यासारखा आवाज यायचा, आणि गायिकेचा आवाज वर गेला की त्याला काटे फुटल्यासारखे वाटायचे. मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे ॲम्प्लीफायरचा व्हॉल्यूम अगदी बारीक केला, इतका की मागाच्या आवाजात स्पीकरला कान लावून ऐकावं लागत होतं. तरी फाटलेलाच. इथेच अर्धं उत्तर मिळालं. ॲम्प्लीफायर किंवा स्पीकर झेपत नाही म्हणून आवाज फाटत असेल तर व्हॉल्यूम कमी केल्यावर तो साफ व्हायला पाहिजे. बारीक आवाजातही फाटलेलाच येत असेल तर तो आधीच, म्हणजे ॲम्प्लीफायरपर्यंत पोचायच्या अगोदर, फाटून आलाय.

दुसरी गोष्ट, हेडफोन थेट कॉम्प्युटरच्या पुढच्या जॅकला लावला. तिथेही तेच. म्हणजे वायर, ॲम्प्लीफायर, कॉइल, वूफर सगळे निर्दोष. (ही हेडफोनची पायरी सोडू नका, कारण कधी कधी कॉम्प्युटर बरोबर असतो पण पुढच्या यंत्राच्या इनपुटलाच सिग्नल जास्त होतो. मंगल कार्यालयात लॅपटॉपची पिन मिक्सरच्या माइकच्या चॅनलला खोचतात तेव्हा हे हमखास होतं, तिथे हेडफोनवर साफ आणि मिक्सरनंतर फाटलेला असं ऐकू येतं.) तिसरी गोष्ट, तीच फाइल माझ्या मोबाइलमध्ये घेऊन त्याच हेडफोनवर ऐकली. स्वच्छ. म्हणजे फाइल पण चांगली. राहिला फक्त कॉम्प्युटरच्या आतला रस्ता, फाइल उघडल्यापासून हिरव्या जॅकपर्यंतचा.

तो रस्ता बघायला बसलो आणि थक्क झालो. गाणी वाजवायचा प्लेअर व्हीएलसी, त्याचा व्हॉल्यूम १२५ टक्क्यांवर. व्हीएलसीचा ईक्वलायझर चालू, डावीकडच्या, म्हणजे खालच्या सुरांच्या, तीन पट्ट्या आठ-आठ डीबी (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) वर, प्रीॲम्पची, म्हणजे सगळाच आवाज चढवायची, पट्टी पण वर. विंडोजचा व्हॉल्यूम १००. आणि विंडोजच्या साउंडमध्ये स्पीकरच्या प्रॉपर्टीजमधे एनहान्समेंटच्या टॅबमध्ये बेस बूस्टला टिक, सहा डीबीवर. मी विचारलं मामा हे सगळं कधी केलं. ते म्हणाले एकदम नाही केलं, माग वाढले तसं एकेक चढवत गेलो. आणि ॲम्प्लीफायरचं बटण मात्र घड्याळातल्या नऊच्या आकड्यापाशी, म्हणजे जेमतेम उघडलेलं, कारण त्याच्या पुढे नेलं तर खोलीत बसवत नाही.

आता हे नेमकं काय होतंय ते सांगतो, मामांना सांगितलं तसंच. कॉम्प्युटरमध्ये गाणं म्हणजे आकडे. सीडीच्या दर्जाच्या गाण्यात दर सेकंदाला ४४,१०० वेळा एक आकडा, आणि १६ बिटमध्ये तो आकडा उणे ३२,७६८ ते अधिक ३२,७६७ यांच्या मधलाच असू शकतो. याच्या वर आकडाच नाही. या टोकाला म्हणतात ० डीबी, पूर्ण भरलेलं. त्यामुळे डिजिटलमध्ये सगळी मापं उणे असतात, उणे ३, उणे १०, उणे २०, आणि शून्य म्हणजे छत. आता हिशोब करा. डीबीमध्ये सहा वाढवले की आकडा दुप्पट होतो. मामांच्या सेटिंगमध्ये खालच्या सुरांना ईक्वलायझरचे आठ आणि बेस बूस्टचे सहा मिळून १४ डीबी चढलेले, म्हणजे पाच पट. गाण्यात ढोलकीचा ठोका आधीच तीस हजारांपर्यंत जात असेल तर तो आता दीड लाख मागणार, आणि जागा आहे ३२,७६७ ची. मग वरचा सगळा डोंगर छताला घासून सपाट कापला जातो. यालाच क्लिपिंग म्हणतात. जिथे गोल लाट होती तिथे पठार तयार होतं, आणि त्या पठाराच्या कोपऱ्यांमधून मूळ गाण्यात नसलेले नवेच उंच सूर तयार होतात. ते काटे हेच. त्यात १२५ टक्के आणि प्रीॲम्प अजून मोजलेच नाहीत.

हे एकदा कापलं गेलं की पुढे ॲम्प्लीफायर बारीक करा, मोठा करा, सोन्याचा आणा, तो कापलेला भाग परत येत नाही. बारीक केला तर बारीक फाटका आवाज येतो, एवढाच फरक.

मामांना हे पटायला वेळ लागला आणि त्याचं कारण फार खरं होतं. ते म्हणाले, कॅसेट डेकवर रेकॉर्डिंग करताना तर आम्ही सुई लाल पट्टीत थोडी जाऊ द्यायचो, नाहीतर कॅसेटमध्ये खरखर जास्त यायची. बरोबर आहे, आणि कॅसेटवर तीच पद्धत योग्य होती. टेपची फीत हळूहळू भरत जाते, शून्याच्या वर गेलं तरी एकदम कापत नाही, थोडी दाबते, कानाला ते ऊबदार पण वाटतं. डिजिटलमध्ये तसं हळूहळू काही नाही, शून्याच्या एक पायरी खालपर्यंत सगळं शुद्ध आणि शून्याच्या वर एकदम भिंत. कॅसेटचं शून्य म्हणजे 'इथून पुढे जपून' आणि डिजिटलचं शून्य म्हणजे रस्ता संपला. ज्यांनी डेकवर हात बसवलाय त्या सगळ्यांचा कॉम्प्युटरवर हाच गोंधळ होतो, आणि तो अडाणीपणा नाही, जुन्या चांगल्या सवयीचा परिणाम आहे.

एक बारकावा, कारण जाणकार विचारतील. प्लेअरच्या आत हल्ली हिशोब फ्लोटिंग पॉइंटमध्ये, म्हणजे दशांश आकड्यांत, चालतो, तिथे आकडा छताच्या वर गेला तरी लगेच मरत नाही, पुढे कुठे कमी केला तर वाचतो. मरतो तो शेवटी, जेव्हा साउंड कार्डला द्यायला पूर्णांक करावा लागतो तेव्हा. विंडोजच्या मिक्सरमध्ये तर शेवटी एक लिमिटर पण बसवलेला असतो, तो छताला धडकणारा आवाज दाबून बघतो. म्हणूनच मामांच्याकडे दोन वेगळे त्रास होते आणि मला सुरुवातीला ते एकच वाटले. एक ते फाटणं, आणि दुसरं म्हणजे ढोलकीचा ठोका पडला की गायिकेचा आवाज क्षणभर मागे जायचा आणि परत पुढे यायचा, कुणी दार लोटून परत उघडल्यासारखा. ते दबणं लिमिटरचं काम. पण कुठल्या मशीनवर कुठला व्हॉल्यूम आधी लागतो आणि कुठला नंतर, यावर विसंबू नका. विंडोजचा व्हॉल्यूम कमी केल्याने वाचेलच असं नाही. जिथे चढवलंय तिथेच उतरवा.

तर उतरवलं. बेस बूस्टची टिक काढली, ईक्वलायझर बंद, व्हीएलसी १०० वर. गाणं लावलं, एकदम साफ. मी खूश. मामा म्हणाले, "मजा गेली की बे. मेलेला वाटालालाय आवाज."

इथे मी जरा थांबलो कारण हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. माणसाच्या कानाला मोठा आवाज चांगला वाटतो. दोन सारखेच आवाज असले आणि एक थोडासा मोठा असला की आपण म्हणतो तो मोठा जास्त भरीव आहे. मी एकदम दहा-बारा डीबी काढून घेतले होते, मग मामांना मेलेलं वाटणारच. म्हणून परत जुनं सेटिंग लावलं, मोबाइलवरच्या आवाज मोजायच्या ॲपवर गाण्याच्या त्याच कडव्याला आकडा बघितला, मग नवीन सेटिंग लावून ॲम्प्लीफायरचं बटण तोच आकडा येईपर्यंत फिरवलं, ते बाराच्या थोडं अलीकडे गेलं. मग मामांना डोळे मिटायला लावून दोन्ही ऐकवलं, कुठलं कुठलं ते न सांगता. तीनदा बदलून ऐकवलं, तिन्ही वेळा त्यांनी नवीन सेटिंगलाच बोट केलं. म्हणाले हिच्या मागं तानपुरा पण आहे की रे, हा कुठं होता इतके दिवस.

बेस त्यांना हवाच होता, आणि मागाच्या आवाजात डग्गा बुडतो हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. तर ॲम्प्लीफायरवर बेसचं गोल बटण आहे, ते दोन वाजेपर्यंत फिरवलं. ते बटण साउंड कार्डच्या पुढे आहे, तोपर्यंत आकड्यांचा व्होल्टेज झालेला असतो, त्यामुळे डिजिटल छताचा प्रश्नच येत नाही. ज्यांच्याकडे असं बटण नाही त्यांनी ईक्वलायझर वापरावा पण एक नियम पाळून. सगळ्यात उंच पट्टी जितकी वर असेल तितका प्रीॲम्प खाली. पट्टी अधिक सहा, प्रीॲम्प उणे सहा. कॉम्प्युटरमधल्या सगळ्याच आवाजाला एकच ईक्वलायझर हवा असेल तर ईक्वलायझर एपीओ नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्याच्या खिडकीत खाली पीक गेन, म्हणजे सगळं मिळून जास्तीत जास्त किती चढलं ते, लिहून येतो, तो शून्याच्या वर जाऊ द्यायचा नाही.

आणि तो नेहमीचा प्रश्न, कॉम्प्युटरमध्ये आवाज कमी केला तर क्वालिटी जाते का. सहा डीबी कमी केले की हिशोबाने एक बिट जातो, हे खरं. पण १६ बिटमध्ये सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात बारीक आवाजात ९६ डीबीचं अंतर असतं, आणि बहुतेक साउंड कार्ड २४ बिटवर ठेवता येतं, मग तर काहीच जात नाही. शेजारी माग चालू असलेल्या खोलीत तो एक बिट कुणाच्या कानाला लागणार? क्लिपिंग मात्र मागाच्या आवाजातूनही लागतं, ते आम्ही ऐकतच होतो.

वाढीव एक गोष्ट, मामांचा डाव्या बाजूचा ट्वीटर (उंच सुरांचा छोटा स्पीकर) दोन वर्षांपूर्वी जळाला होता. तो क्लिपिंगनेच जळाला असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण गोल लाट पूर्ण चौकोनी झाली की तेवढ्याच उंचीत दुप्पट पॉवर जाते, आणि ते नवे तयार झालेले उंच सूर जातात ते नेमके ट्वीटरकडेच, त्यामुळे संशयाला जागा आहे.

दुसऱ्या रविवारी मामांनी एक यादी करून ठेवली होती, वहीच्या पानावर, व्यवस्थित नंबर टाकून. ही ही गाणी अजून थोडी चरचरतात. बघितलं तर यादीतली जवळजवळ सगळी नव्या पिक्चरची, एमपी थ्री. जुनी एकही नाही. ही गोष्ट मला आवडली कारण यात मामांचा कान दिसतो, सेटिंग सगळी शून्यावर असताना राहिलेली चरचर अगदी बारीक असते.

याचं कारण वेगळं. गेल्या तीसेक वर्षांत गाणी अधिकाधिक मोठ्या आवाजात मास्टर (म्हणजे शेवटची पक्की) करायची चढाओढ लागली, सगळा आवाज दाबून दाबून छताला चिकटवायचा, म्हणजे दुसऱ्याच्या गाण्यापेक्षा आपलं गाणं मोठं वाटेल. अशी छताला चिकटलेली फाइल एमपी थ्री केली की एमपी थ्री काही तपशील टाकून देतो आणि लाटेचा आकार जरा बदलतो. परत उघडताना काही शेंडे मूळच्या छताच्याही वर निघतात. फाइल बनवणाऱ्याने शून्यावर थांबवलं होतं, तुमच्या कॉम्प्युटरवर ती शून्याच्या वर उघडते. आणि एमपी थ्री नसली तरी दोन आकड्यांच्या मधल्या जागेत खरी लाट आकड्यांपेक्षा उंच जाऊ शकते, आकडे छताच्या खाली आणि लाट छताच्या वर. याला ट्रू पीक म्हणतात. युरोपातल्या प्रसारण संस्थांनी २०१० मध्ये जो आर १२८ नावाचा नियम काढला त्यात म्हणूनच ट्रू पीक उणे १ डीबीच्या वर जाऊ देऊ नका असं लिहिलंय.

यावर उपाय म्हणजे प्लेअरमध्येच दोन-तीन डीबी कायमचे खाली ठेवणं, बस. ज्यांना जास्त खटपट नको त्यांनी एवढंच करावं, प्लेअर ७५-८० टक्क्यांवर ठेवावा आणि विसरून जावं. पण मामांना आणखी एक त्रास होता, एका अभंगानंतर पिक्चरचं गाणं लागलं की दचकायला व्हायचं आणि मामी स्वयंपाकघरातून ओरडायच्या. म्हणून फूबार २००० हा दुसरा प्लेअर टाकला आणि रिप्लेगेन चालू केलं. रिप्लेगेन ही कल्पना डेव्हिड रॉबिन्सन या इंग्रज माणसाने २००१ मध्ये मांडली. सॉफ्टवेअर प्रत्येक फाइल ऐकून ती कानाला किती मोठी लागते आणि तिचा सगळ्यात उंच शेंडा किती हे दोन आकडे काढतं आणि फाइलच्या टॅगमध्ये लिहून ठेवतं. गाण्याच्या आकड्यांना हात लावत नाही. वाजवताना प्लेअर तेवढा आवाज कमी-जास्त करतो.

नऊ हजार गाणी स्कॅन व्हायला दुपार गेली. मग मामा आणि मी आकडे वाचत बसलो आणि त्यात खरी गंमत आली. पिक्चरच्या गाण्यांना उणे नऊ, उणे दहा डीबी. एकाचा शेंडा १.१८, म्हणजे छत १ धरलं तर त्याच्या दीडेक डीबी वर, मामांच्या यादीत पहिल्या नंबरला हेच गाणं होतं. उलट एका जुन्या नाट्यपदाचा शेंडा फक्त ०.६. हे बारीक वाजतं म्हणून रिप्लेगेन ते चढवायला बघतं, पण किती चढवायचं त्याला मर्यादा आहे, ०.६ ला १ पर्यंत नेलं की साधारण साडेचार डीबी होतात, त्याच्या पुढे क्लिपिंग. म्हणून सेटिंगमध्ये नुसता गेन लावा असं न ठेवता गेन लावा आणि पीक बघून क्लिपिंग टाळा असा जो पर्याय आहे तो निवडायचा. आणि स्कॅन न केलेल्या फाइलसाठी वेगळा प्रीॲम्प असतो, तो मी उणे सहावर ठेवला, नाहीतर नातवाने उद्या नवीन गाणं टाकलं की ते परत उडी मारणार.

मामांच्या भजनी मंडळाचा पेन ड्राइव्हवर चालणारा स्पीकर आहे, त्याला रिप्लेगेन वगैरे काही कळत नाही. त्या पेन ड्राइव्हसाठी एमपी थ्री गेन वापरलं. एमपी थ्रीच्या आत गेनचा एक आकडा असतोच, हे सॉफ्टवेअर तेवढाच बदलतं, दीड-दीड डीबीच्या पायऱ्यांनी, फाइल परत एन्कोड होत नाही आणि नको वाटलं तर उलटं पण करता येतं. तरी मूळ फाइली बाजूला ठेवूनच करा.

आता राहिला कॅसेटींचा फोल्डर, आणि माझ्या दृष्टीने तोच खरा विषय. त्यात ५३ फाइली. त्यातली एक आजोबांच्या भजनाची. १९८४ ची कॅसेट, मामांनीच टेपरेकॉर्डर समोर ठेवून भरलेली, आजोबा आणि त्यांच्याबरोबर दोघं-तिघं, एक पखवाज. आजोबांचा आवाज घरात एवढाच आहे, दुसरीकडे कुठे नाही. ही फाइल सगळी सेटिंग बरोबर करून, फूबारवर, उणे दहावर नेली तरी फाटत होती. मोबाइलवर पण फाटत होती. म्हणजे इथे वाजवताना काही बिघडत नव्हतं, फाइल बनवतानाच बिघडलं होतं.

ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली आणि व्ह्यूमध्ये जाऊन क्लिपिंग दाखवा हा पर्याय चालू केला. सगळा पडदा लाल रेघांनी भरला. मोठं करून बघितलं तर प्रत्येक लाटेचं डोकं सुरीने कापल्यासारखं सपाट. मामांनी पडद्याला बोट लावून विचारलं हे अण्णांचं (आजोबांना ते अण्णा म्हणतात) आहे का सगळं कापलेलं. मला काय बोलावं ते सुचलं नाही.

कसं झालं ते विचारल्यावर लगेच कळलं. त्यांनी डेकची वायर गुलाबी जॅकला लावली होती. गुलाबी माइकचा. माइकचा सिग्नल फार बारीक असतो म्हणून तिथे आत भरपूर वाढवणारं सर्किट असतं, त्यावर माइक बूस्ट वेगळा. डेकचा सिग्नल त्यापेक्षा कितीतरी मोठा, त्याच्यासाठी निळा जॅक असतो, लाइन इन. शिवाय ड्रायव्हरमध्ये माइकचं नॉइज सप्रेशन चालू होतं, ते ओळ संपली की मागचा सगळा बारीक आवाज गिळून टाकत होतं, म्हणून दोन ओळींच्या मध्ये मेल्यासारखी शांतता. ऑडॅसिटीमध्ये क्लिप फिक्स नावाचा इफेक्ट आहे, तो कापलेल्या डोक्याच्या दोन्ही बाजू बघून मधला डोंगर अंदाजाने परत काढतो. एखाद-दुसरा ठोका कापला असेल तर चांगलं काम करतो. इथे लाटेमागून लाट कापलेली, अंदाज तरी कशावरून करणार? लावून बघितला, काटे थोडे बोथट झाले, आजोबा परत आले नाहीत.

पण कॅसेट होती. मामींनी कपाटातून डबा काढला, प्रत्येक कॅसेटवर मामांच्या अक्षरात नाव आणि साल. डेकचा बेल्ट सैल झाला होता, तो आठवड्यात बदलून घेतला. तिसऱ्या रविवारी हेड स्पिरिटने पुसला, कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवली, डेकची वायर निळ्या जॅकला. मामा म्हणाले थांब, माग बंद झाल्यावर करू, नाहीतर त्यांचा आवाज येईल. मी सांगितलं वायरीतून येणाऱ्या सिग्नलला शेजारचे माग ऐकू येत नाहीत, इथे माइक नाहीच. तरी ते ऐकेनात. कारखाना बंद होईपर्यंत आम्ही शेंगाची चटणी आणि कडक भाकरी खात बसलो.

रेकॉर्ड करायच्या आधी लेव्हल. आजोबा सगळ्यात वर जातात तो गजर मामांना माहीत होता, कॅसेट तिथे नेली आणि तेवढंच वाजवून मीटर बघितला, इनपुट कमी करत करत शेंडा उणे दहाच्या आसपास आणला. मामांचा हात आपोआप वाढवायला जात होता, म्हणाले मीटर अर्धा रिकामा दिसालालाय. मी म्हटलं तो रिकामाच ठेवायचा, ती आजोबांची डोक्यावरची जागा आहे. नंतर वाढवता येतं, कापलेलं जोडता येत नाही. आणि हे पण लक्षात ठेवा की ऑडॅसिटी आत ३२ बिट फ्लोटमध्ये हिशोब करतं म्हणून रेकॉर्डिंगला छत नाही असं होत नाही. कापणं होतं ते साउंड कार्डच्या दारातच, व्होल्टेजचा आकडा बनताना. ऑडॅसिटीकडे येईपर्यंत डोकं गेलेलं असतं.

४५ मिनिटांची बाजू, पूर्ण चालू दिली. मध्ये कुणी बोललं नाही. झाल्यावर शेंडा बघितला तर उणे ९.४ डीबी, लाल रेघ एकही नाही. मग सुरुवातीपासून लावलं. आजोबांचा आवाज जरा घोगरा आहे, हे मला कधी माहीतच नव्हतं, फाटक्या फाइलमध्ये तो घोगरेपणा आणि क्लिपिंग एकत्र मिसळून गेले होते. पखवाजाची डावी बाजू पूर्ण ऐकू येत होती. पहिला अभंग संपला आणि पुढचा सुरू व्हायच्या आधी मधली शांतता आली, तर तिच्यात अगदी बारीक, लांबून, खट्याक खट्याक.

मी म्हटलं शेजारी परत चालू केले वाटतं. मामींनी खिडकी उघडून बघितलं, कारखान्यात अंधार. मामांनी हात वर करून आम्हाला गप्प केलं आणि पुढे वाकून ऐकलं. "हे साखर पेठेतल्या घरचे माग हायत," म्हणाले, "खाली चार माग होते. रात्रीची पाळी चालू असायची."

मी विचारलं नॉइज रिडक्शन लावून ते काढू का, निघेल बऱ्यापैकी. नको म्हणाले. तशीच सेव्ह केली, वेव्ह फाइल, उणे ९.४ वर.